कलम टोबीन: वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनगटाने 'ब्रुकलिन' हाती घेतली, तेव्हापासून आयरिश कादंबरीकार आणि कवी कलम टोबीन यांच्याबद्दल मला सतत प्रश्न येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचलं नाही तरी चालेल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे. ज्या उत्तरात कादंबरीचा शेवट फुटतो, तिथे तसं आधीच सांगितलं आहे.

१. नावाचा नेमका उच्चार काय? कोल्म, कॉल्म की कोलम? आणि 'तोइबिन' की 'टोबीन'?

कलम टोबीन. पहिलं नाव आपल्या 'कलम'सारखंच म्हणायचं, दुसरा स्वर जरा ओझरता ठेवायचा. आडनावात जोर 'बीन'वर. नाव आयरिश भाषेतलं असल्यामुळे इंग्रजी स्पेलिंगच्या अंदाजाने वाचलं की हमखास चुकतं. मुळात या नावाचा अर्थ पारवा, लॅटिनमधून आलेला. मराठी वाचकाला त्यात लेखणी ऐकू येते हा योगायोग, पण मला तो मनापासून आवडतो.

जाता जाता: 'ब्रुकलिन'मधल्या नायिकेचं नाव 'एलिस' नाही, 'आयलिश' आहे.

२. थोडक्यात सांगा, हे आहेत कोण?

जन्म ३० मे १९५५, आयर्लंडच्या आग्नेय भागातल्या वेक्सफर्ड काउंटीतल्या एनिस्कॉर्थी गावात. पाच भावंडांत चौथे. वडील गावातल्या शाळेत शिक्षक. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इतिहास आणि इंग्रजी शिकले आणि १९७५ मध्ये पदवी मिळताच बार्सिलोनाला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको वारला, त्यामुळे हुकूमशाहीतून बाहेर पडणारं शहर विशीतल्या या मुलाने आतून पाहिलं. १९७८ मध्ये ते परतले, पत्रकार झाले. पहिली कादंबरी 'द साउथ' १९९० ची. त्यानंतर कादंबऱ्या, कथा, निबंध, नाटक आणि बऱ्याच उशिरा कविता. २०२२ ते २०२४ या काळात ते आयर्लंडचे 'लॉरिएट फॉर आयरिश फिक्शन' होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते अनेक वर्षं शिकवत आले आहेत.

३. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

'ब्रुकलिन' (२००९). एकच व्यक्तिरेखा, सरळ काळक्रम, आणि घर सोडून परगावी गेलेल्या कुणालाही लगेच कळेल असा विषय. त्यानंतर 'नोरा वेबस्टर' (२०१४). ही दोन पुस्तकं आवडली, तर पुढचा रस्ता तुमचा तुम्हाला सापडेल.

अमेरिकी लेखक हेन्री जेम्स वाचलेला असेल, तर त्याच्यावरची 'द मास्टर' (२००४) आधी घेतली तरी हरकत नाही. पण कुणाच्या शिफारशीवरून थेट 'हाउस ऑफ नेम्स' (२०१७) उघडू नका. क्लायटेम्नेस्ट्रा आणि ओरेस्टीस यांची ती ग्रीक कथा रक्ताने भरलेली आहे, आणि तिच्यावरून टोबीन यांचा एरवीचा आवाज कळत नाही.

४. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. त्यांचं इंग्रजी झेपेल का?

झेपेल. वाक्यं छोटी, शब्द रोजचे, अलंकार जवळपास नाहीत. शब्दकोश फारसा लागणार नाही.

अडचण दुसरीकडे आहे. पात्रांना काय वाटतं हे लेखक बहुतेक वेळा सांगतच नाही. आई मुलीला विचारते, चहा घेणार का, आणि त्या प्रश्नात वर्षभराचा राग असतो. तो ऐकू यायला भाषेपेक्षा सावकाशपणा लागतो. रोज वीसेक पानं वाचा, त्याहून जास्त नकोत. भराभर वाचणाऱ्यांचीच 'यात काही घडत नाही' अशी तक्रार येते. तिचं उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे.

५. बहुतेक गोष्टी त्याच एका गावात घडतात. एनिस्कॉर्थी खरंच आहे का?

आहे. स्लेनी नदीच्या काठी उतारावर वसलेलं गाव. मध्ये जुना किल्ला, वर पुगिनने आराखडा केलेलं सेंट एडन्स कॅथेड्रल, नदीपलीकडे व्हिनेगर हिल ही टेकडी. इंग्रजांविरुद्धच्या १७९८ च्या उठावात २१ जून रोजी इंग्रज फौजेने बंडखोरांचा मोठा पराभव केला तो याच टेकडीवर. टोबीन यांच्या वडिलांनी एका धर्मगुरूंबरोबर त्या किल्ल्यात स्थानिक संग्रहालय उभं करायला पुढाकार घेतला होता. आजोबा १९१६ च्या उठावात होते आणि त्यासाठी वेल्समधल्या फ्राँगॉखच्या छावणीत त्यांना डांबलं गेलं होतं. म्हणजे या घरात इतिहास हा जेवताना बोलायचा विषय होता.

गावाइतकाच महत्त्वाचा आहे काही मैलांवरचा समुद्रकिनारा: कुश, बॅलीकॉनिगर, ब्लॅकवॉटर. तिथले कडे मातीचे आहेत आणि समुद्र ते दरवर्षी खातो. 'द हेदर ब्लेझिंग' (१९९२) या कादंबरीत उच्च न्यायालयाचे न्यायाधीश एमन रेडमंड दर उन्हाळ्यात तिथल्या घरी येतात, आणि शेजारचं घर हळूहळू कड्यावरून समुद्रात जात असतं. डब्लिनमध्ये हाच माणूस गर्भार राहिलेल्या शाळकरी मुलीला शाळेतून काढणं कायदेशीर ठरवतो. कडा ढासळतो त्याचं वर्णन लेखक करतो, न्यायाधीशाच्या आत काय ढासळतं त्याचं करत नाही. 'द ब्लॅकवॉटर लाइटशिप' (१९९९) मधलं आजीचं घरही याच किनाऱ्यावरचं. एड्सने मरणाऱ्या डेक्लनला शेवटचे दिवस तिथे काढायचे असतात, आणि त्याच्यामुळे वर्षानुवर्षं न बोललेल्या आजी, आई आणि बहीण एका छपराखाली येतात.

६. त्यांच्या पुस्तकांत वडील नेहमी मेलेलेच का असतात?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या लेखनाचं दार इथेच आहे.

१९६३ मध्ये टोबीन आठ वर्षांचे असताना वडील गंभीर आजारी पडले. त्यांना उपचारासाठी डब्लिनला न्यावं लागलं, म्हणून आईने धाकट्या दोन मुलांना किल्डेअर काउंटीतल्या मावशीकडे ठेवलं. मुलं तिथे तीन महिने राहिली. त्याच काळात आपल्याला तोतरेपणा सुरू झाला, असं टोबीन सांगतात. वाचायलाही ते वयाच्या नवव्या वर्षापर्यंत शिकले नव्हते. १९६७ मध्ये वडील गेले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्यानंतर घरात वडिलांचा विषय निघत नसे.

एकमेकांवर माया असलेली माणसं एकाच घरात राहतात आणि सर्वांत मोठ्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढत नाहीत, हे या मुलाने रोज पाहिलं. त्यांच्या कादंबऱ्यांत लोक बोलतात ते हवेबद्दल, केकबद्दल, कुणाच्या कोटाबद्दल. मला विचाराल तर टोबीन यांचा खरा विषय मृत्यू किंवा स्थलांतर नाही. न बोललेलं घरात कुठे जाऊन बसतं, हा त्यांचा विषय आहे.

७. 'नोरा वेबस्टर' दोनदा अर्धवट सोडलं. काहीच घडत नाही. माझं काही चुकतंय का?

चुकत नाही. हे पुस्तक वाचकाला मदत करत नाही, एवढंच. नोरा चाळिशीतली विधवा, चार मुलांची आई, काळ १९६० च्या दशकाचा शेवट. ती पुन्हा ऑफिसात नोकरी धरते, केस रंगवते, कामगार संघटनेत जाते, गाणं शिकते, रेकॉर्ड प्लेअर घेते. एवढंच कथानक.

तिसऱ्यांदा वाचाल तेव्हा एक जागा नीट पाहा. नवरा मरणपंथाला असताना नोराने डोनल आणि कॉनर या धाकट्या मुलांना मावशी जोसीकडे ठेवलेलं असतं, आणि त्या सगळ्या काळात ती त्यांना एकदाही भेटायला गेलेली नसते. डोनल परत येतो तो अडखळत बोलणारा मुलगा होऊन. धाकटा रात्री अंथरूण ओलं करायला लागलेला असतो. जोसीकडे काय झालं? नोराला आधी वाटतं, तिथे मुलांना कुणी काही केलं असेल. ती जोसीला विचारते, आणि मग हळूहळू कळतं ते असं: मुलं फक्त वाट पाहत होती. आई आज येईल, उद्या येईल. आवाज चढत नाहीत, कुणी रडत नाही, आणि आपल्या घशात आवंढा अडकतो. प्रश्न ६ वाचून ही पानं पुन्हा उघडलीत, तर त्या मावशीच्या घरातला मुलगा कोण हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता कमाल पाहा. हे सगळं लिहिलंय आईच्या बाजूने. जो मुलगा वाट पाहत राहिला, त्याने मोठेपणी आईच्या डोक्यात शिरून तिला न्याय दिला. पहिलं प्रकरण २००० मध्ये लिहिलं गेलं आणि पुस्तक २०१४ मध्ये आलं. इतकी वर्षं का लागली, हे मला ती पानं वाचताना कळलं.

८. 'ब्रुकलिन' सिनेमा पाहिला आहे. आता पुस्तक वाचायची गरज आहे का? (शेवट फुटतो.)

आहे. जॉन क्रॉली यांचा २०१५ चा सिनेमा सुरेख आहे. निक हॉर्नबी यांची पटकथा, सर्शा रोनन यांचा अभिनय, आणि ऑस्करसाठी तीन नामांकनं. पण सिनेमाने शेवट उबदार केला. आयलिश न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला पोचते, नवरा टोनीला भेटते, मिठी मारते. पुस्तक तिथवर जातच नाही. ते तिला एनिस्कॉर्थीहून निघालेल्या आगगाडीत सोडतं. मागे कोण काय म्हणेल याचा विचार करत ती बसलेली आहे. तिने टोनीला निवडलं की गावातली दुकानदारीण मिस केली हिच्या धमकीमुळे तिचा रस्ता ठरला, याचं उत्तर पुस्तक देत नाही. आमच्या गटात यावर दोन तास वाद झाला.

९. 'लाँग आयलंड' आधी वाचली तर चालेल? आणि 'नोरा वेबस्टर' हा यातलाच एखादा भाग आहे का?

'लाँग आयलंड' (२०२४) ही 'ब्रुकलिन'ची पुढची गोष्ट. काळ १९७६. एक अनोळखी आयरिश माणूस आयलिशच्या दारात येऊन सांगतो, की तिच्या प्लंबर नवऱ्यापासून त्याची बायको गरोदर आहे आणि मूल जन्मलं की तो ते इथे दारात आणून टाकणार. कथानक कळायला आधीचं पुस्तक लागत नाही. पण आयलिश गावी परतते आणि पबचा मालक जिम फॅरेल समोर येतो, तेव्हा 'ब्रुकलिन' वाचली नसेल तर तुमच्या पोटात काही हलणार नाही. म्हणून क्रमाने वाचा.

एक फरक लक्षात ठेवा. 'ब्रुकलिन'मध्ये आपण पूर्ण वेळ आयलिशच्याच डोक्यात असतो. 'लाँग आयलंड' आयलिश, जिम आणि नॅन्सी या तिघांच्या नजरेतून आळीपाळीने चालते. त्यामुळे कोण कुणापासून काय लपवतंय हे फक्त आपल्याला माहीत असतं, आणि पानं उलटताना जीव टांगणीला लागतो.

'नोरा वेबस्टर' हा या मालिकेचा भाग नाही, पण गाव तेच आणि माणसंही तीच. पहिल्याच प्रकरणात नोराला भेटायला मे लेसी येते. ती आयलिशची आई, आणि ब्रुकलिनला गेलेल्या मुलीचा विषय तीच काढते. 'मदर्स अँड सन्स' (२००६) या कथासंग्रहात नॅन्सी शेरिडन आहे. नवऱ्यामागे कर्ज फेडण्यासाठी चिप्सचं दुकान काढणारी ही बाई पुढे 'लाँग आयलंड'मध्ये मुख्य पात्र होते. छोट्या गावात राहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. एकाच्या गोष्टीतला पाहुणा हा दुसऱ्या गोष्टीचा यजमान असतो.

१०. 'द मास्टर' आणि 'द मॅजिशियन' खऱ्या लेखकांवर आहेत. मग त्यातलं किती खरं धरायचं?

'द मास्टर' हेन्री जेम्सच्या १८९५ ते १८९९ या वर्षांवर आहे. सुरुवातच त्याचं नाटक लंडनमध्ये सपशेल पडतं तिथून. 'द मॅजिशियन' (२०२१) जर्मन कादंबरीकार थॉमस मान याच्यावर: ल्युबेकमधलं बालपण, नाझी राजवटीमुळे देश सोडणं, अमेरिका, सहा मुलांचं वादळी घर. तारखा, गावं, घटना, नाती यांचा पाया पक्का आहे. बंद खोलीतले विचार आणि संवाद लेखकाचे. एवढी विभागणी मनात ठेवली की पुरे.

सीमारेषेवरचं एक उदाहरण सांगतो. जेम्सची मैत्रीण, लेखिका कॉन्स्टन्स फेनिमोर वूल्सन, १८९४ मध्ये व्हेनिसला खिडकीतून पडून वारली. कादंबरीत जेम्स गोंडोल्यातून तिचे कपडे खाडीत बुडवायला जातो. कपडे पाण्यात सोडले जातात, आणि थोड्या वेळाने हवा भरून फुगलेले काळे झगे एकेक करून वर येतात. नावाडी ते काठीने पुन्हा खाली दाबत राहतो. ही हकिकत जेम्सच्या चरित्रलेखनात आधीपासून आहे आणि ती खरी की ऐकीव यावर मतभेद आहेत. कादंबरीत मात्र तिच्याजागी दुसरं काही असूच शकलं नसतं. ज्याने आयुष्यभर सगळं दाबून ठेवलं, त्याच्यासमोर दाबलेलं वर येतं.

११. मी वसईची, कॅथलिक घरातली. 'द टेस्टामेंट ऑफ मेरी' वाचून मन दुखावेल का?

दुखावू शकतं, हे आधीच सांगितलेलं बरं, असं आमच्या गटातल्या एका वसईकर मावशींनीच सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं मला पटतं. शंभरेक पानांच्या या पुस्तकात (२०१२) वृद्ध मेरी एफेससमध्ये राहते. मुलाची कथा लिहून काढणारे दोघेजण तिच्याकडून हवं ते वदवून घ्यायला येतात आणि ती नकार देते. मुलगा गेला त्याचं मोल कशानेही भरून निघत नाही, असं मानणारी ही आई आहे. उपासनेतली मेरी इथे नाही.

पण टिंगल एका ओळीतही नाही. हे पुस्तक सुचण्यामागे व्हेनिसमधली दोन चित्रं आहेत: टिशनचं मेरीच्या स्वर्गारोहणाचं भव्य चित्र आणि तिंतोरेत्तोचं क्रूसारोहणाचं गर्दीने गजबजलेलं, धुळीने माखलेलं चित्र. या दोहोंमधल्या अंतरात टोबीन यांनी आई शोधली. मूळ रूप नाटकाचं. २०१३ मध्ये ब्रॉडवेवर ते फिओना शॉ यांनी एकटीने केलं.

१२. ते लिहितात कसे? कॉम्प्युटरवर?

पहिला खर्डा हाताने, वहीत. आधी फक्त उजव्या बाजूच्या पानावर लिहायचं, दुरुस्त्यांसाठी डावं पान कोरं ठेवायचं. बसायला मुद्दाम अवघड, कडक खुर्ची. वाक्यं इतकी सुटसुटीत का आहेत, असं विचारणाऱ्यांना मी ही खुर्ची आठवायला सांगतो.

१३. ते समलिंगी आहेत. मग सुरुवातीच्या पुस्तकांत तो विषय का नाही?

आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते. पहिल्या दोन कादंबऱ्या त्याआधीच्या. १९९६ च्या 'द स्टोरी ऑफ द नाइट'मध्ये तो विषय उघडपणे आला, पण गोष्ट घडते अर्जेंटिनात, लष्करशहांच्या काळात आणि त्यानंतर. १९८५ मध्ये त्या सेनाधिकाऱ्यांवर चाललेला खटला टोबीन यांनी पत्रकार म्हणून पाहिला होता. घरच्या मातीत हा विषय आणायला आणखी तीन वर्षं लागली. ते पुस्तक कोणतं, ते प्रश्न ५ च्या शेवटी आहे. २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के आयरिश मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला, आणि त्या मोहिमेत टोबीन जाहीरपणे बोलले होते.

१४. कादंबऱ्यांव्यतिरिक्त काय वाचू?

१९८६ च्या उन्हाळ्यात ते आयर्लंडच्या सीमेवरून डेरी ते न्यूरी चालत गेले. त्यावरचं पुस्तक आज 'बॅड ब्लड' नावाने मिळतं. तपासनाके, दोन्ही बाजूंची शेतं, दफनविधी, आणि दुखरे पाय. 'अ गेस्ट अ‍ॅट द फीस्ट' (२०२२) या निबंधसंग्रहात स्वतःच्या कर्करोगावरचा निबंध आहे. केमोथेरपीचे दिवस त्यांनी विलक्षण मोकळेपणाने लिहिले आहेत. कवितेकडे वळणार असाल, तर अमेरिकी कवयित्री एलिझाबेथ बिशपवरचं 'ऑन एलिझाबेथ बिशप' (२०१५) हे छोटं पुस्तक जरूर वाचा. कारण पुढे येतं आहे.

१५. बुकर मिळालं आहे का?

नाही. १९९९, २००४ आणि २०१३ अशी तीनदा अंतिम यादीत नावं होती. 'द मास्टर'ला डब्लिनचा इम्पॅक पुरस्कार, 'ब्रुकलिन'ला कोस्टा कादंबरी पुरस्कार, 'द मॅजिशियन'ला रॅथबोन्स फोलिओ पुरस्कार मिळाला.

१६. त्यांना कवी का म्हणतात? कविता तर कुठे दिसत नाहीत.

एकच संग्रह आहे, 'व्हिनेगर हिल', २०२२ चा. तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. लहानपणी कविता लिहीत, मग अनेक दशकं फक्त गद्य. उशिरा आलेला संग्रह म्हटला की नामवंत कादंबरीकाराची हौस, असं वाटतं. मलाही तसं वाटलं होतं, आणि मी चुकलो होतो. बिशपवर लिहिताना त्यांनी तिचा जो गुण उलगडला तो असा: ती वस्तूचं अचूक वर्णन करते, स्वतःला दुरुस्त करत जाते, आणि दुःखाचं नाव घेत नाही. तीच शिस्त या कवितांत आहे. शहरं, मित्रांचे मृत्यू, धर्म, साथीच्या काळातलं लॉस एंजेलिस, सगळं बोलक्या, साध्या ओळींत.

१७. कादंबऱ्या न वाचता थेट कविता वाचल्या तर काही सुटेल का?

बहुतेक कविता एकट्या उभ्या राहतात. अपवाद शीर्षककवितेचा. ती वाचायच्या आधी प्रश्न ५ मधली टेकडी आणि प्रश्न ६ मधलं घर माहीत असावं. एनिस्कॉर्थीत वाढलेल्या प्रत्येकासाठी व्हिनेगर हिल म्हणजे १७९८, पराभव, गाणी, भाषणं. कवितेत आई चित्रकलेच्या वर्गाला जायला लागली आहे. चित्र कशाचं काढायचं, तर घरातून दिसते ती टेकडी. इतिहासाशी तिला काही देणंघेणं नाही. तिची अडचण एवढीच आहे की टेकडी एका रंगावर थांबत नाही. ढग सरकतो, ऊन पडतं, आणि मघाशी कालवलेला रंग आता चुकीचा ठरतो.